गुडाखू तंबाखूत धरत नाहीत

जबड्यात स्क्रू बसवून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी माणसाचं तोंड कसं असतं, हे कोणी सांगत नाही. मी सांगते. शी! उजवा गाल असा फुगलेला की आत अख्खं लिंबू दडवलं आहे की काय. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. टाक्यांचे दोरे जिभेला टोचतात, आणि जीभ मेली ऊठसूट तिथेच जाते. थुंकायची सोय नाही, कारण जोरात थुंकलं तर आतली रक्ताची गाठ सुटते. म्हणजे रक्त, लाळ, औषधाचा कडवटपणा, सगळं गिळायचं. आणि तिसऱ्या दिवशी वास सुटतो. दुसऱ्याच्या तोंडाचा वास आला तर माणूस मान फिरवतो. स्वतःच्या तोंडापासून मान फिरवणार कुठे? मी पदर लावून बसायचे, आणि पाच मिनिटांत तो पदरही धुवायला टाकावासा वाटायचा.

खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा वर्षभरापूर्वीच गेल्या होत्या. हिरड्या खाली सरकल्या, दाढा हलायला लागल्या, शेवटी काढाव्या लागल्या. त्या जागी नवा दात बसवायचा म्हणून हा स्क्रू. "कॅल्शियम कमी पडलं असेल," असं घरात ठरलं. मीही मान डोलावली. कॅल्शियम बिचारं, त्याच्यावर काय वाटेल ते ढकला.

पूर्वी रायपुरात दाढ दुखली की सदर बाजारातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे जायचं, तो उपटायचा, विषय संपला. राज्य वेगळं झालं, आमचं गाव राजधानी झालं, आणि काचेच्या दारांचे, एसी लावलेले दवाखाने उगवले. त्यातला एक इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्याच एका मराठी पोट्टीचा. बाहेरगावी शिकून आलेली, नव्या उत्साहाची. तिचे पेशंट म्हणजे आपलीच मंडळी: विदर्भातून रेल्वेत नाहीतर सरकारी ऑफिसात आलेली जुनी घरं, आणि राजधानीच्या नोकऱ्यांसाठी अलीकडे आलेली नवी. सगळे आमच्या मंडळात गणपतीला, संक्रांतीला भेटणारे. एकानं दुसऱ्याला सांगावं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असा हळूहळू तिचा जम बसत होता. पोट्टीला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीच.

पहिल्या दिवशी तिनं फॉर्म भरून घेतला. शुगर? नाही. बीपी? थोडं. मग विचारलं, "काकू, तंबाखू, गुटखा, सिगरेट, कुछ?"

माझ्याआधी आमचे हेच हसले. हे रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, शर्टाची घडी मोडली तरी ज्यांचा दिवस बिघडतो असे. म्हणाले, "आमच्या घरात सुपारीचं खांडही सापडणार नाही, बेटा." मी म्हणाले, "नाही गं बाई." तिनं तिथे काट मारली.

आता खरं काय ते सांगते. मी गुडाखू घासते. अठ्ठावीस वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ एकत्र मळून केलेला काळा, चिकट लगदा. छोट्या डबीत मिळतो. इकडच्या कितीतरी बाया सकाळी उंबऱ्यात बसून तो बोटानं हिरड्यांवर घासतात, अर्धा अर्धा तास, आणि तपकिरी पिंका टाकतात. लग्न होऊन अमरावतीहून इथे आले तेव्हा ते बघून मला ओकारी यायची. मग पहिल्या बाळंतपणाच्या आधी दाढ ठणकायला लागली. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी भांडी घासणारी बाई म्हणाली, "थोरकन घिस ले दीदी, पीरा भाग जाही." पीरा म्हणजे दुखणं. घासलं. डोकं गरगरलं, घाम फुटला, आणि दुखणं खरोखर पळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दाढ थांबली तरी मी थांबले नाही. सकाळी घासल्याशिवाय पोट साफ होईना, दुपारी घासल्याशिवाय डोकं ठिकाणावर येईना. संडास-न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, गुपचूप, आणि वर तोंडात लवंग. दुकानात मागताना म्हणायचं, "कामवाली के लिए दे दो भैया." अठ्ठावीस वर्षं मी कामवाल्यांच्या नावावर घासत आले आणि ह्यांच्यासमोर त्याच बायांकडे बघून नाक मुरडत आले. घ्या!

मग फॉर्म भरताना मी खोटं बोलले का? त्या क्षणी तरी मला तसं वाटलं नाही. इकडे गुडाखू कोणी तंबाखूत धरत नाही, तो मंजनात मोडतो. तंबाखू म्हणजे पुरुष हातावर चोळून गालात भरतात तो. पण चोराच्या मनात चांदणं असतंच. पोट्टीनं आरसा घालून हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "चाय ज़्यादा पीती हैं क्या, काकू?" तेव्हा मी जी घाईघाईनं हो म्हणाले, ते काही चुकून नव्हतं.

स्क्रू बसवताना दुखलं नाही. सुईनं अर्धं तोंड मेलं होतं. घरी आल्यावर पाणी प्यायले तर ते हनुवटीवरून गळ्यात उतरलं आणि मला पत्ताच नाही. बधिरपणा गेला तेव्हा कळलं की मधल्या वेळात मी गाल चावून ठेवला आहे. पोट्टीनं सूचनांचा कागद दिला होता, तो हे ऑफिसच्या सर्क्युलरसारखा पाळायला लागले. बर्फ वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. हे घड्याळ घेऊन समोर बसलेले. डोक्याखाली दोन उशा. स्ट्रॉ नाही, गरम नाही, तिखट नाही, त्या बाजूनं चावायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवायचं आणि बेसिनवर वाकून आपसूक पडू द्यायचं. त्या पाण्याबरोबर गुलाबी तारा यायच्या, कालच्या भाताचं एखादं शीत यायचं. मला बघवायचं नाही.

ह्यांना बघवायचं. जन्मात ज्यांनी चहाचं आधण ठेवलं नाही, त्या माणसानं मुगाचं पातळ वरण केलं, भाताची पेज केली, केळं कुस्करलं, सगळं गार करून चमच्यानं भरवलं. सूज उतरली ती पिवळीहिरवी होऊन गळ्यावर आली, तेव्हा मी घाबरले आणि ह्यांनी कागद दाखवला, "असं होते म्हणून लिहिलं आहे इथं, काहून घाबरून राहिली?" रोज सकाळी टॉर्च घेऊन यायचे. "आ कर." आत बघून म्हणायचे, "छान भरून राहिलं." छान! तो जबडा मी आरशात पाहिला होता, खाटकाकडच्या तुकड्यासारखा. ह्यांच्या त्या प्रेमाचीसुद्धा मला किळस यायची. लिहायला लाज वाटते, पण यायची. कोणी डोकवावं असं ते तोंड नव्हतं.

कागदावर एक ओळ अशी होती की तंबाखू कुठल्याही रूपात नको, नाहीतर हाड धरणार नाही. स्क्रूभोवती हाड भरून यायला तीन-चार महिने लागतात, मगच त्यावर दात बसतो. ती ओळ ह्यांनी मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "हे काही आपल्यासाठी नाही." मी कूस बदलली.

चार दिवस मी घासला नाही. पुण्य म्हणून नाही, तोंड उघडत नव्हतं म्हणून. डोकं ठणकायला लागलं, हात थरथरायला लागले, वरणात मीठ कमी पडलं म्हणून मी त्या माणसावर वसकन ओरडले. आणि पोट म्हणजे दगड. चार दिवस! हे म्हणायचे, अँटिबायोटिकनं होतं तसं. पाचव्या दिवशी सकाळी मी न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि डबी काढली. मनाशी म्हटलं, स्क्रू उजवीकडे आहे ना, मी डावीकडे घासते. काय माझी अक्कल! जसं काही तोंडात मध्ये भिंतच बांधली आहे. थुंकायचं नाही म्हणून ओठ उघडून रस नुसता पडू दिला. तपकिरी रस, त्यात लाल धागे. नळ मोठा करून तो वाहून दिला. पण डोकं हलकं झालं, आणि थोड्या वेळानं पोटही मोकळं झालं. बाहेरून ह्यांनी विचारलं, "झालं का गं?"

"झालं," मी म्हणाले.

"वा वा!" केवढा आनंद त्यांच्या आवाजात. त्या दिवसापासून माझं पुन्हा रोजचं सुरू झालं, सकाळी ह्यांचा टॉर्च फिरून गेल्यावर आणि दुपारी.

दहाव्या दिवशी टाके काढताना पोट्टी म्हणाली, "काकू, हीलिंग थोड़ा स्लो है." महिना झाल्यावर तोंडात सारखी एक खारट, गुळमट चव राहायला लागली. बोटानं हिरडी दाबली तर पू आला. बोट हुंगलं आणि बेसिन धरून उभी राहिले. ह्यांना सांगितलं नाही. आठवड्यानं जिभेनं ढकललं तर स्क्रू हलला, तेव्हा सांगावंच लागलं.

दवाखान्यात पोट्टीनं ह्यांना बाहेर बसवलं. सुई देऊन तिनं स्क्रू धरला, तो सैल तोटीसारखा गरकन फिरला आणि बाहेर आला. त्याला काहीतरी करडं चिकटलेलं होतं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिनं मास्क खाली केला होता आणि ती माझ्या तोंडाजवळ वाकली होती. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "काकू, गुडाखू?"

इथलीच पोर. तिला तो वास कळणारच.

मी मान हलवली. नाही.

"पक्का?"

पुन्हा नाही. तिनं एकदा बाहेर, ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ह्यांना आत बोलावून म्हणाली, "काका, हड्डी ने पकड़ा नहीं. कभी-कभी होता है. मुझसे भी कुछ रह गया होगा." माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. बोळा नसता तरी मी काय दिवे लावणार होते!

आमचे हे भडकले. त्यांच्या दीड महिन्याच्या सेवेवर पाणी पडलं होतं, आणि पोरीनं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली होती. आणखी काय हवं? मंडळात, सकाळच्या फिरायच्या टोळक्यात, भाजीवाल्यापाशी, चार मराठी डोकी दिसली की ह्यांचं सुरू: "त्या पोट्टीच्या हाताले गुण नाही. जपून राहा बावा." ह्यांच्या शब्दाला आमच्यात मान आहे. उगीच बोलणारा माणूस नाही, असं सगळे समजतात.

काही दिवसांनी सदर बाजारात मंडळाच्या अध्यक्षीण बाई भेटल्या. माझ्याहून लहान, पण मंडळातल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. स्कूटर बाजूला लावून म्हणाल्या, "बरं झालं काकांनी सांगितलं, काकू. सासूबाईंची कवळी मी तिच्याकडेच करणार होते. रद्द केली. बाकीच्यांनाही सांगून दिलं."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो ना."

हो ना! हिरडीतल्या पुवापेक्षा मला माझ्या त्या दोन अक्षरांची जास्त घाण वाटली. घरापर्यंत चालत आले तरी ती जात नव्हती. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात त्या पोट्टीची आई आमच्या घरी आली. नवरा नसलेली, मुलीबरोबर राहणारी साधी बाई. येताना माझ्यासाठी दुधीची खीर घेऊन आली होती, चावावं लागू नये म्हणून. खुर्चीच्या टोकावर बसली आणि हात जोडले. "भाऊजी, वहिनी, लेकराच्या हातून चुकलं असेल तर पोटात घाला. तीन आठवडे झाले, आपलं एक माणूस दवाखान्यात फिरकत नाही. नुसती बसून राहते. म्हणते, बंद करते आणि दुसऱ्या गावी नोकरी पाहते."

हे पाय हलवत म्हणाले, "असं आहे बाई, आधी कोण्या मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली शिकावं लागते. लोकांच्या तोंडावर हात साफ करायचा नसते."

ती बाई मान खाली घालून ऐकत होती. ऐकून घेत होती! मला तिथे बसवेना.

"मी गुडाखू घासते," मी म्हणाले.

"काय?" हे म्हणाले.

"गुडाखू. अठ्ठावीस वर्षं झाली. ऑपरेशननंतर पाचव्या दिवसापासून पुन्हा घासून राहिली. पोरीनं मले विचारलं होतं, मी नाही म्हटलं. तिची काहीच चूक नाही."

हे आधी हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. मला भरवलेला एकेक चमचा त्यांना आठवत असावा, कारण त्यांचा ओठ हळूहळू वाकडा झाला. "काहून?" एवढंच म्हणाले. 

पोट्टीची आई उठली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "वहिनी, हे इथे मले सांगून काय उपयोग? भाऊजी जिथे बोलले, तिथे सांगा." आणि निघून गेली.

दार लागल्यावर मला वाटलं, आता हे शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कुठे काही बोलायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणून देतो लोकांले, की पोट्टी तशी वाईट नाही. झालं."

"आणि दोष?"

"दोष कोणाचा का असेना! उद्या लोक म्हणतील, ह्याची बायको संडासात बसून गुडाखू घासते. तुले लाज नसेल, मले आहे."

"दवाखाना बंद करून राहिली ती."

"जवान आहे. तिचं होईल कुठेतरी."

तेव्हा मला ह्यांची किळस आली. आणि लगेच माझी, कारण एक क्षणभर ते बोलणं मला पटलं होतं. खरंच होईल तिचं कुठेतरी, असं माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

रविवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी साडी नेसायला लागले तसे हे दारात उभे राहिले. "तिथे बोललीस तर मी मंडळात पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू," मी म्हणाले.

हॉलमध्ये चाळीसेक बाया होत्या. पोट्टीची आई मागच्या कोपऱ्यात एकटी बसलेली, शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. अध्यक्षीण बाई कुंकवाचा करंडा घेऊन रांगेनं येत होत्या. माझ्यापाशी आल्या तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. गुडाखूचं, फॉर्मचं, पाचव्या दिवसाचं, पोरीला दोनदा नाही म्हटल्याचं. 

मला वाटलं होतं, छी-थू होईल. झालं भलतंच. कोणी विश्वासच ठेवेना! एकीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं, दुसरीनं पाणी आणलं. अध्यक्षीण बाई गोड हसून म्हणाल्या, "काकू, तुमचं मन मोठं आहे. पोरीले वाचवून राहिल्या तुम्ही." मागून कोणी म्हणालं, "आपल्यात कोणी घासते का ते? कामवाल्या घासतात." आणि माझ्या मागच्या रांगेत एक हळू आवाज म्हणाला, "किती खराब केलं असेल तिनं, की काकूंना असं खोटं बोलावं लागून राहिलं."

पोट्टीच्या आईनं ते ऐकलं. ती पिशवी उचलून उठायला लागली.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं खोटं बोलले तर सगळ्यांनी खरं मानलं, आणि आज एकदा खरं बोलते आहे तर ह्या बाया मला पाणी पाजतात! मी पेला बाजूला ठेवला. "थांबा हो, जाऊ नका," मी कोपऱ्याकडे ओरडले. मग अध्यक्षीण बाईंचा हात धरला. "या इकडे. जवळ या."

"काकू, राहू द्या ना."

"आज सकाळीच घासला आहे. इथे बोलायचा धीर यावा म्हणून निघताना पुन्हा घासला. या, वास घ्या." मी दोन बोटांनी ओठ खाली ओढला आणि तोंड उघडलं. काळ्या पडलेल्या हिरड्या, ते न भरलेलं भोक, सगळं.

त्या हसतच वाकल्या, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या समाधानासाठी वाकावं तशा. आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "शी! काकू!" त्या झटकन मागे सरल्या आणि पदर नाकाला लावला. करंड्यातलं कुंकू त्यांच्या साडीवर सांडलं.

चाळीस बायांनी त्यांचा तो चेहरा पाहिला. मग माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माझ्या शेजारची बाई तिळगूळ घ्यायला म्हणून उठली ती परत आली नाही. कुंकू लावायला माझ्यापाशी पुन्हा कोणी आलं नाही, आणि येईल असं मला वाटलंही नव्हतं. मी तोंड मिटून बसले होते. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि कोणीतरी पोट्टीच्या आईला विचारलं, "ताई, दवाखाना संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो?"